मोर्चातला चेहरा कुणाच्या फाइलीत?

पोलिसांनी शांततेत चाललेल्या मोर्चाचं शूटिंग करावं की नाही, हा वाद थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा पेटतो आणि दरवेळी त्याच दोन वाक्यांवर येऊन अडकतो. एक बाजू म्हणते, भर रस्त्यात कसली आलीय प्रायव्हसी, हजार लोकांसमोर घसा फोडून घोषणा देता आणि कॅमेरा दिसला की लाजता? दुसरी बाजू म्हणते, माझ्या परवानगीशिवाय माझा फोटो काढायचाच नाही, काढला की हुकूमशाही आली. पुढे काय होतं ते माहितीच आहे, कुणीतरी कुणाला तरी भक्त म्हणतं, कुणीतरी अर्बन नक्षल म्हणतं, आणि मूळ प्रश्न तिथेच पडून राहतो.

खरं सांगायचं तर दुसऱ्या बाजूचा, म्हणजे माझ्याच बाजूचा, युक्तिवाद जास्त कच्चा आहे. रस्त्यावरच्या माणसाचा फोटो परवानगीशिवाय काढायचाच नाही असा नियम केला तर पहिला फटका पत्रकारांना बसेल, आणि दुसरा आपल्यालाच, कारण लाठीमार करणाऱ्या पोलिसाचं शूटिंग करायचा हक्क आपल्याला हवा आहे ना? मग "रस्त्यावर शूटिंग नको" हे आपण कुठल्या तोंडानं म्हणणार? तेव्हा माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायचं असेल तर नेमकं भांडता येईल. गुन्हा घडतोय किंवा घडायच्या बेतात आहे असं ठोस कारण नसेल तर शांततेत चाललेल्या जमावाचे चेहरे ओळखू येतील असं रेकॉर्डिंग पोलिसांनी करू नये. कारण असेल तेव्हा जरूर करावं, पण ज्याच्यावर केस नाही त्याचं ठरलेल्या मुदतीत पुसून टाकावं. आणि हे फोटो काढण्याबद्दल कमी आहे, फोटोला नाव चिकटवून तो जपून ठेवण्याबद्दल जास्त आहे. सगळं पाणी तिथे मुरतंय.

आता समोरच्यांचं पहिलं म्हणणं. सार्वजनिक जागेत आपल्याला लोक बघणार, हे शंभर टक्के मान्य. मोर्चा काढायचाच असतो दिसण्यासाठी, कुणी बघितलंच नाही तर तो मोर्चा कसला? पण बघणं आणि नोंद ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा फरक आपल्याकडच्या एका न्यायाधीशानं साठ वर्षांपूर्वी ओळखला होता. सुप्रीम कोर्टातली खरक सिंग केस, निकाल डिसेंबर 1962 चा. उत्तर प्रदेश पोलीस एका माणसावर पाळत ठेवायचे, तो कुठे जातो, कुणाला भेटतो, सगळं टिपायचे, रात्रीबेरात्री घरी येऊन धडकायचे. बहुमतानं रात्री घरी येणं तेवढं रद्द केलं, बाकीची पाळत चालू राहू दिली, का तर प्रायव्हसी हा काही आपल्या राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही म्हणे. न्यायमूर्ती सुब्बा राव वेगळं बोलले. त्यांचा मुद्दा साधारण असा की या माणसाला कुणी अडवलेलं नाही, तो हवं तिथे जाऊ शकतो हे खरं, पण त्याची प्रत्येक हालचाल बघितली आणि लिहून ठेवली जात असेल तर त्याला मोकळेपणानं फिरता येतं असं म्हणता येणार नाही. तेव्हा हे मत अल्पमतात गेलं. ऑगस्ट 2017 मध्ये प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या पुट्टास्वामी निकालात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खरक सिंगमधला प्रायव्हसी नाकारणारा भाग पुसून टाकला आणि त्याच निकालात हेही लिहिलंय की केवळ सार्वजनिक जागेत आहे म्हणून माणसाची प्रायव्हसी संपत नाही. म्हणजे "रस्त्यावर कसली प्रायव्हसी" हे वाक्य ऐकायला कितीही बिनतोड वाटलं तरी कायद्यात ते आता टिकत नाही. पण वाद घालणाऱ्यांना हे कुणी सांगायचं!

बरं, कायदा बाजूला ठेवा, साध्या व्यवहाराचं बघू. बंदोबस्ताला उभा असलेला हवालदार दिवसभरात पाच हजार चेहरे बघतो आणि रात्री घरी जाऊन झोपतो, सकाळी त्यातले पाचसुद्धा त्याच्या लक्षात नसतात. हे विसरणं म्हणजे आपल्या सगळ्यांचं फार मोठं संरक्षण होतं, कुठल्या कायद्यात न लिहिलेलं, आणि आपल्याला ते कधी जाणवलंही नाही. कॅमेरा विसरत नाही हे एक, पण नुसता कॅमेराही इतका त्रासाचा नव्हता कारण हजार चेहऱ्यांची नावं शोधत कोण बसणार? ते काम आता मशीन करतं. मॉस्कोमध्ये ऑगस्ट 2019 मध्ये एक माणूस मेट्रोनं प्रवास करत होता, सोबत एका तुरुंगात टाकलेल्या आंदोलकाचा पुठ्ठ्याचा पुतळा, बस, एवढंच. एकटाच होता, ना घोषणा ना गर्दी. टेलिग्रामवर फिरणाऱ्या फोटोंवरून पोलिसांनी त्याला शोधलं आणि थोड्याच दिवसांत मेट्रोमध्येच पकडलं, पूर्वसूचना न देता निदर्शन केलं म्हणून 20,000 रूबल दंड. त्याला हुडकायला मेट्रोतले चेहरे ओळखणारे कॅमेरे वापरले गेले, असा निष्कर्ष युरोपच्या मानवी हक्क कोर्टानं जुलै 2023 मध्ये काढला आणि हे खाजगी आयुष्याच्या आणि अभिव्यक्तीच्या अशा दोन्ही हक्कांचं उल्लंघन आहे असं सांगितलं. आता सांगा, हा माणूस काय लपवत होता? पुतळा तर हातात घेऊन फिरत होता!

इथे कुणीतरी म्हणणार, आणि बरोबरच म्हणणार, की पोलीस काय आजच नोंदी ठेवायला लागलेत का. नाही. ब्रिटिशांच्या काळात सभेला सीआयडीचे लघुलेखक बसायचे. 1916 मध्ये टिळकांनी बेळगावला आणि नगरला होमरूलवर जी भाषणं केली त्यांच्या अशाच पोलिसी टिपणांवरून त्यांच्यावर खटला झाला, पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनं वर्षभर चांगल्या वर्तणुकीसाठी 20,000 रुपयांचा जातमुचलका आणि वर दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले, आणि मग मुंबई हायकोर्टात जिनांनी बाजू मांडून तो हुकूम रद्द करून घेतला. गंमत म्हणजे असेच पोलिसी रिपोर्ट पुढे इतिहासाची साधनं म्हणून सरकारनं छापले आणि आज अभ्यासक त्यावरच चळवळीचा इतिहास लिहितात, म्हणजे पोलिसांच्या वहीचे उपकारही आहेत म्हणायचे. पण त्या वहीत काय होतं ते नीट बघा. वक्त्याचं नाव होतं, त्याचं भाषण होतं, आणि ऐकायला बसलेल्या लोकांबद्दल फार तर "समुदाय अमुक इतका" अशी एक ओळ. टिळक पकडले जायला तयार होते, ते त्यांनी डोळे उघडे ठेवून पत्करलं होतं. मागच्या रांगेत बसलेला शाळामास्तर, कारकून, दुकानातला पोऱ्या मात्र सभा संपली की गर्दीतून गुपचूप घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी साहेबाला सलाम ठोकायचा. चळवळ याच माणसांच्या जिवावर मोठी झाली. आजचा कॅमेरा वक्त्यासाठी नाहीच मुळी, वक्त्याचा व्हिडिओ तर तो स्वतःच लाइव्ह करत असतो. आजचा कॅमेरा त्या मागच्या रांगेसाठी आहे, आणि इतक्या लोकांची इतक्या स्वस्तात नोंद ठेवणं इंग्रजांना कधीही जमलं नव्हतं. म्हणून "हे तर पहिल्यापासून चालू आहे" हा युक्तिवाद मला पटत नाही.

ज्यांनी हे जवळून बघितलं नसेल त्यांच्यासाठी. मोर्चाच्या कडेला, बहुतेक वेळा थोड्या उंचीवर, दुभाजकावर किंवा गाडीच्या फूटबोर्डवर एक साध्या वेशातला माणूस हँडीकॅम घेऊन उभा असतो. त्याला गर्दीचा अंदाज घ्यायचा असता तर त्यानं एकदा लांबून लाँग शॉट घेतला असता. तसं होत नाही. कॅमेरा बॅनरवरून सुरू होतो, बॅनर धरणाऱ्यांवर येतो, मग रांगेनं एकेक चेहरा, प्रत्येकावर दोन-तीन सेकंद, झूम करून. एखादी मुलगी ओढणी तोंडावर घेते तर कॅमेरा तिथेच थांबतो, ती ओढणी खाली यायची वाट बघत. आजूबाजूचे लोक ते बघतात आणि दोन पावलं मागे सरकतात. हे मागे सरकणं हा त्या शूटिंगचा चुकून झालेला परिणाम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एफबीआयचे 1971 मध्ये बाहेर आलेले कागद वाचावेत. मार्च महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावातल्या एफबीआय ऑफिसात घुसून काही कार्यकर्त्यांनी फायली पळवल्या होत्या, त्यात एका कागदात सरळ सल्ला दिलेला होता की विरोधकांच्या जास्तीत जास्त मुलाखती घ्या म्हणजे त्यांची भीती वाढेल, प्रत्येक टपालपेटीमागे एफबीआयचा माणूस उभा आहे असं त्यांना वाटलं पाहिजे. माहिती मिळणं हा तिथे बोनस होता, भीती वाटणं हे काम होतं.

"तुम्ही काही चूक केली नसेल तर घाबरता कशाला?" हे वाक्य तर इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येणंही बंद झालंय. पण त्याला उत्तर द्यायला हवं कारण ते प्रामाणिकपणे विचारणारे लोकही आहेत. मोर्चात आलेला माणूस सगळ्या जगापासून काही लपवत नसतो, तो एक-दोन ठरावीक लोकांपासून लपत असतो. कंत्राटावर नोकरी असलेला माणूस पुढच्या रिन्यूअलपासून. सरकारी परीक्षेची तयारी करणारा पोरगा उद्याच्या कॅरॅक्टर व्हेरिफिकेशनपासून. घरी लायब्ररीत जाते सांगून आलेली मुलगी वडिलांपासून. यातल्या कुणीही गुन्हा केलेला नाही. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यानं एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेकडे सभासदांची यादी मागितली होती, फक्त यादी, कुणाला अटक नाही की काही नाही, आणि वरकरणी कारणही कसं, संस्थांच्या नोंदणीचे नियम. 1958 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं नाही म्हटलं, कारण यादी बाहेर गेली की लोकांच्या नोकऱ्या जातील, मारहाण होईल, आणि मग सभासद व्हायला कुणी धजावणार नाही. तेव्हा यादी मागायला निदान नोटीस तरी पाठवावी लागली, त्यावर कोर्टात भांडता तरी आलं. आता गर्दीवरून ड्रोन फिरवला की काम झालं, कुणाला काही मागायची गरजच नाही.

आता समोरच्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा, ज्यावर आपली बाजू नेहमी पळ काढते. शांत मोर्चा कधी पेटेल सांगता येत नाही, बसेस जळतात, दुकानं फुटतात, माणसं मरतात, आणि नंतर पुरावा नसल्यामुळे सगळे सुटतात. हे खोटं आहे का? अजिबात नाही. आपल्याच सुप्रीम कोर्टानं 2009 मध्ये सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीच्या केसमध्ये निदर्शनांचं व्हिडिओ शूटिंग व्हावं ही शिफारस उचलून धरली होती आणि 2018 मध्येही तोच सूर होता. ज्याचं दुकान जळालं त्याला जाऊन प्रायव्हसीचं तत्त्वज्ञान सांगून बघा. दंगलीतला माणूस व्हिडिओवरून सापडला तर मला आनंदच आहे, त्यात काही वाद नाही.

पण या मुद्द्यातून किती सिद्ध होतं? एवढंच की हिंसा सुरू झाली किंवा होणार असं दिसलं की कॅमेरा चालू असायला हवा. शांततेत बसलेल्या बायकांचे क्लोजअप दुपारी अकरापासून घ्यायला हवेत, हे त्यातून कसं सिद्ध होतं? आणि दगड फेकणारे पकडल्यावर न फेकणाऱ्यांचं फुटेज वर्षानुवर्षं ठेवायला हवं हे तर अजिबातच नाही. "पण आधीपासून चालू नसेल तर पहिला दगड कुणी मारला ते कसं कळणार?" हा तांत्रिक प्रश्न आहे आणि त्याला तांत्रिक उत्तर आहे, पोलिसांच्या अंगावर लावायच्या बऱ्याच बॉडी कॅमेऱ्यांत बटण दाबायच्या आधीचे 30 सेकंद वगैरे आपोआप राहतात, बाकीचं सतत पुसलं जात असतं. आणि हे सगळं हवेतलं बोलणं आहे असं वाटत असेल तर जर्मनीकडे बघा. तिथे 1989 पासून सभा-मोर्च्यांच्या कायद्यात कलम 12अ आहे, सार्वजनिक सुरक्षेला मोठा धोका आहे असं दाखवणारी ठोस लक्षणं असतील तरच पोलिसांना सहभागी लोकांचं रेकॉर्डिंग करता येतं आणि मोर्चा संपला की ते लगेच नष्ट करावं लागतं, खटल्यासाठी वगैरे लागणार असेल तेवढंच ठेवायचं. त्याच्या आधी 1983 मध्ये त्यांच्या घटनात्मक कोर्टानं जनगणनेच्या एका केसमध्ये म्हटलं होतं की सभेला गेल्याची सरकारदरबारी नोंद होईल आणि त्यातून आपल्याला त्रास होईल असं ज्याला वाटतं तो कदाचित सभेलाच जाणार नाही, आणि यात नुकसान त्या एकट्याचं नाही, सगळ्या समाजाचं आहे. मोर्चाच्या केसमध्ये नाही हं, जनगणनेच्या! आणि जर्मन पोलीस काही भोळे नाहीत, तिथे आंदोलनांत दगडफेक, जाळपोळ सगळं होतं. तरी हा नियम पाळून त्यांचं चाललंय. हा देश नोंदींच्या बाबतीत इतका हळवा का, तर पूर्व जर्मनीतल्या श्टाझीच्या, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांच्या, फायली एकापुढे एक लावल्या तर शंभर किलोमीटरच्या वर जातात. त्यांनी हे भोगलंय.

आणखी एक मुद्दा असतो की पोलिसांचा कॅमेरा आंदोलकांच्याही फायद्याचा आहे, उद्या पोलिसांनी खोटी केस टाकली तर हेच फुटेज तुम्हाला वाचवेल. ऐकायला छान आहे. पण आजवर फुटेजनं लोकांना वाचवलं ते बहुतेक वेळा कुणाच्या फोनमधलं होतं? 2020 मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड मेला तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात ते प्रकरण "वैद्यकीय घटना" म्हणून आलं होतं, खरं काय झालं ते एका सतरा वर्षांच्या मुलीनं रस्त्यावरून मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओमुळे जगाला कळलं. आपल्याकडे डिसेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं आदेश दिला की प्रत्येक पोलीस स्टेशनमध्ये, गेटपासून लॉकअपपर्यंत, सीसीटीव्ही हवेत आणि रेकॉर्डिंग 18 महिने जपलं पाहिजे. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच कोर्टाला कोठडीतल्या मृत्यूंची बातमी वाचून स्वतःहून दखल घ्यावी लागली की हे कॅमेरे चालू का नाहीत. मोर्चात मात्र पोलिसांच्या कॅमेऱ्याची बॅटरी कधी संपल्याचं ऐकलंय का कुणी? जिथे पोलिसांवर नजर ठेवायची तिथे कॅमेरा नादुरुस्त आणि जिथे लोकांवर ठेवायची तिथे चकाचक, हा योगायोग मला तरी पचत नाही. फुटेज खरंच दोघांच्या भल्यासाठी असेल तर आरोपीनं मागितल्यावर पूर्ण, न कापलेली कॉपी ठरावीक दिवसांत द्यायची असा नियम करा आणि मग बोलू.

सेल्फीचा मुद्दा राहिलाच. "तुम्ही स्वतःच स्टेटसला टाकता, इन्स्टावर रील करता, मग पोलिसांनी काढला तर काय बिघडलं?" यात तथ्य आहे आणि ते आपल्याला झोंबायला हवं. ज्यानं स्वतःचा फोटो टाकला त्यानं तो निर्णय स्वतः घेतला, ठीक, पण त्याच्या सेल्फीत मागे उभ्या असलेल्या आठ जणांना कुणी विचारलं होतं? मॉस्कोतला तो माणूससुद्धा पोलिसांनी काढलेल्या नाही, टेलिग्रामवरच्या फोटोवरून सापडला. म्हणजे नुसतं पोलिसांच्या शूटिंगवर बंधन घालून भागणार नाही, कुठूनही आलेल्या फोटोवर चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर चालवायचं की नाही यावरच नियम हवा, आणि आयोजकांनीही फोटो टाकताना चेहरे ब्लर करायची सवय लावून घ्यायला हवी. तरी सुद्धा एक फरक उरतोच. माझा रील बघून माझा मित्र मला नोटीस पाठवू शकत नाही, माझा पासपोर्ट अडवू शकत नाही. पोलीस ते करू शकतात.

आणि करतात. फेब्रुवारी 2024 मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी अंबाला पोलिसांनी जाहीरच केलं होतं की कॅमेरे आणि ड्रोनमध्ये जे दिसलेत त्यांचे पासपोर्ट-व्हिसा रद्द करायची कारवाई करू. बॅरिकेड तोडणाऱ्यांबद्दल बोलतोय असं त्यांचं म्हणणं, पण पासपोर्ट रद्द करणं ही बॅरिकेड तोडण्याची शिक्षा कुठल्या कायद्यात आहे आणि ती कोर्टाच्या आधी पोलिसांनी कशी सुनावली? त्याआधी मार्च 2020 मध्ये लखनौत चौकाचौकात होर्डिंग लागले होते, सीएए विरोधी आंदोलनात नुकसान केल्याचा आरोप असलेल्यांचे फोटो, नावं आणि घरचे पत्ते, अजून कोर्टात काही सिद्ध झालेलं नसताना. अलाहाबाद हायकोर्टानं स्वतःहून केस घेतली आणि होर्डिंग काढायला सांगितले, हा उघड उघड प्रायव्हसीवर घाला आहे असं म्हणून. आणि दिल्ली पोलिसांचं चेहरे ओळखायचं सॉफ्टवेअर कशासाठी आलं होतं आठवतंय? हरवलेली मुलं शोधायला. कोर्टासमोर तेच कारण होतं, आणि त्याला कोण विरोध करणार? डिसेंबर 2019 मध्ये इंडियन एक्सप्रेसनं बातमी दिली की तेच सॉफ्टवेअर रामलीला मैदानावरच्या पंतप्रधानांच्या सभेला येणाऱ्या गर्दीवर चालवलं गेलं आणि त्याला पुरवलेल्या चेहऱ्यांत आधीच्या निदर्शनांच्या फुटेजमधले चेहरे होते. मार्च 2020 मध्ये गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की दिल्ली दंगलीत 1,100 जणांची ओळख अशी पटवली आणि त्यासाठी मतदार ओळखपत्रं आणि ड्रायव्हिंग लायसन्सचा डेटा वापरला. दंगलखोर सापडले असतील तर उत्तमच. पण मतदार यादीसाठी दिलेला माझा फोटो पोलिसांच्या मशीनला कुणी आणि कुठल्या अधिकारात दिला, हा प्रश्न दंगलखोर सापडल्यानं मिटत नाही.

ब्रिटनमधलं एक उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. ब्राइटनचे एक आजोबा, ऐंशीच्या घरातले, शस्त्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यासमोरच्या निदर्शनांना नियमित जायचे. कधी गुन्हा सिद्ध नाही, काही नाही. 2010 मध्ये त्यांनी स्वतःबद्दलची माहिती पोलिसांकडे मागितली तर "देशांतर्गत अतिरेकी" प्रकारच्या डेटाबेसमध्ये त्यांच्या 66 नोंदी निघाल्या. त्यात कसल्या नोंदी होत्या, तर ते कारखान्याच्या गेटजवळ घडीच्या खुर्चीवर बसून स्केच काढत होते. एवढंच! या नोंदी पुसून घ्यायला ते कोर्टात गेले, तिथल्या सुप्रीम कोर्टात 2015 मध्ये हरले आणि 2019 मध्ये युरोपच्या कोर्टात जिंकेपर्यंत त्यांनी नव्वदी ओलांडली होती. आता विचार करा, पोलिसांत कुणी दुष्ट होतं म्हणून हे झालं का? मला नाही वाटत. नोंद करणं सोपं होतं, पुसणं ही कुणाचीच जबाबदारी नव्हती, म्हणून झालं.

पुसण्याची जबाबदारी आपल्याकडे कुणाची आहे? इथे एक विचित्र गोष्ट आहे जी या वादात कुणी बोलतच नाही. 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार अटक झालेल्या माणसाचे फोटो, बोटांचे ठसे, डोळ्यांचे स्कॅन 75 वर्षं ठेवता येतात, हे भयंकरच आहे, पण त्यात निदान एवढं तरी आहे की आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलं संपली की कोर्टानं वेगळं सांगितलं नसेल तर रेकॉर्ड नष्ट करायचं. मोर्चात शांतपणे चालून घरी गेलेल्या बाईला अटकच झालेली नाही. तिच्यावर केस नाही, त्यामुळे ती निर्दोष सुटायचा प्रश्न नाही, त्यामुळे तिचं फुटेज पुसायची तारीखच कधी येत नाही. म्हणजे अटक झालेल्याला जे मिळतं तेवढंही हिला मिळत नाही, का तर हिनं काहीच केलं नाही म्हणून! आणि 2023 चा डेटा संरक्षण कायदा मदतीला येईल म्हणावं तर त्यात सरकारला आपल्या यंत्रणांना देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी कायद्याच्या बाहेर ठेवायची मुभा आहे. सुव्यवस्थेच्या नावाखाली काय बसत नाही ते सांगा.

राहता राहिला एक प्रश्न, इतक्या कटकटी असून लोक मोर्चाला येतातच ना, मग घाबरतंय कोण? येतात, पण कोण येतात ते बघा. नोकरी असलेला, कर्ज असलेला, लेकरंबाळं असलेला, भांडण नको म्हणणारा माणूस पहिल्यांदा गळतो. हीच ती माणसं जी मोर्चा शांत ठेवतात, दगड उचलणाऱ्या पोराचा हात धरतात, अँब्युलन्स आली की बाजूला व्हा म्हणून ओरडतात. जे उरतात त्यातले काही तोंडाला रुमाल बांधून येतात. हाँगकाँगमध्ये 2019 साली पोरं कॅमेऱ्यांपासून वाचायला छत्र्या उघडून चालायची, ऑगस्टमध्ये त्यांनी कॅमेरे बसवलेले स्मार्ट दिव्यांचे खांब करवतीनं कापले, आणि ऑक्टोबरमध्ये सरकारनं मोर्चात तोंड झाकायलाच बंदी घातली. उघडं तोंड घेऊन यायची भीती आणि झाकलेलं तोंड घेऊन आलं की गुन्हा. अशा वेळी समजूतदार माणूस घरीच बसतो, आणि रस्त्यावर उरलेला रुमालवाल्यांचा घोळका संध्याकाळी टीव्हीवर दाखवून आपल्याला सांगितलं जातं की बघा, कॅमेरे किती गरजेचे होते ते.